हजेरीपटावर एकदाच येणारं नाव कसं निवडावं

मोबाइलवर ‘हटके नावं’ शोधली की जी यादी येते, तीच यादी त्या महिन्यात बाळ झालेल्या प्रत्येक घरात उघडलेली असते. तिच्यातून निवडलेलं नाव वेगळं निघणं कठीण. भारतात जन्मनोंदणीवरून नावांची अधिकृत क्रमवारी प्रसिद्ध होत नाही, त्यामुळे ‘यंदाची शंभर दुर्मीळ नावं’ ठरवायला कोणाकडे आधारच नसतो. त्या याद्या बाजूला ठेवा आणि पुढच्या क्रमाने जा.

१. अक्षराचा निकाल आधी लावा

पत्रिकेप्रमाणे नावाचं पहिलं अक्षर बाळाच्या जन्मनक्षत्राच्या चरणावरून ठरतं. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, म्हणजे १०८ अक्षरं. हस्त नक्षत्रावर पू, ष, ण, ठ येतात, उत्तराभाद्रपदावर दू, थ, झ, ञ. ‘ण’ किंवा ‘ञ’वरून नाव मिळत नाही, मग जवळचं अक्षर धरलं जातं. सोप्या अक्षरांचं दुखणं उलटं आहे. ‘वी’ आलं की सगळी घरं त्याच आठ-दहा नावांवर येऊन थांबतात. माझं मत स्पष्ट आहे: नावरस नाव, म्हणजे त्या अक्षरावरचं नाव, पत्रिकेत लिहा, बारशाला आत्याने ते कानात सांगावं, आणि व्यवहारातलं नाव मोकळेपणाने निवडा. दोन नावं ठेवण्याची रीत आपल्याकडे आहेच. घरातल्या मोठ्यांशी हे बोलणं बाळंतपणाआधी उरकून घ्या, बाराव्या दिवसाच्या घाईत ते वाजवी सुरात होत नाही.

२. तीस-चाळीस नावं जमवा

पहिली जागा घरातली वंशावळ. पणजीच्या आणि खापरपणजीच्या पिढीतली नावं विचारून घ्या: सगुणा, वेणू, द्वारका, येसू. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत अनेक घराण्यांची नावं पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली आहेत. कोणी तिकडे जाणार असेल तर आपल्या घराचं पान बघून यायला सांगा.

दुसरी जागा संतांची मांदियाळी. चोखोबांची पत्नी सोयरा, बहीण निर्मळा, शिवाय मुक्ता, सावता, परिसा. मग नद्या: प्रवरा, नीरा, पूर्णा. फुलं: बकुळ, अबोली, कोकणातली सुरंगी. राग: सोहनी, कामोद, हमीर. देवाचंच नाव हवं असेल तर मूळ विष्णुसहस्रनाम उघडा. अनघ, सुव्रत, कुमुद, पर्जन्य ही नावं तिथे आहेत आणि बालवाडीत क्वचितच ऐकू येतात.

आईवडिलांच्या पिढीतलं नाव मात्र जपून घ्या. सचिन, योगेश, स्नेहल, प्रियांका आज पाळण्यात दिसत नाहीत, पण ते नाव ऐकून लोकांना मूल डोळ्यांसमोर येत नाही, चाळिशीतला माणूस येतो.

३. नाव कानाने तपासा

बहुतेक घरं इथेच फसतात. ‘आमच्या ओळखीत कोणाचंच हे नाव नाही’ एवढ्यावर नाव पक्कं होतं. पण तुमच्या ओळखीतली माणसं तुमच्या वयाची, आणि बाळाला आयुष्य काढायचंय ते त्याच्या वयाच्या मुलांत. फेसबुकवर नाव टाकून पाहणं याच कारणाने निरुपयोगी आहे, मतदारयादीही तशीच, कारण दोन्हीकडे फक्त मोठी माणसं सापडतात. उलट, एखादं नाव कानांवर येतंय पण त्या नावाचा मोठा माणूस एकही सापडत नाही, अशा वेळी सावध व्हा. ते नाव बहुधा गेल्या काही वर्षांतलंच असतं आणि लाटेवर असतं. ‘रेयांश’ तसंच नाव आहे. खरोखर विरळ नाव प्रत्येक पिढीत असतं, पण थोड्यांचं असतं. निनाद, मुकुल, शाल्मली, अरुंधती: साठीचे आहेत, तिशीचे आहेत, पाच वर्षांचेही असतील, पण घोळका कुठेच नाही. अशी नावं पुढेही घोळक्यात सापडण्याची भीती कमी.

दुसरी चूक याहून मोठी. लोक नाव लिहून तपासतात, आणि शाळेत ते हाक म्हणून ऐकू येतं. मैदानाच्या त्या टोकाला व्यंजनं विरतात, स्वर तेवढे पोचतात. आरव, आर्यव, अर्णव, अथर्व ही कागदावर चार नावं आहेत, पण एकाला हाक मारली की चौघंही वळून बघतात. शिवांश, रेयांश, दिव्यांश, रुद्रांश तसेच. विहान, रिहान, कियान, अयान तसेच. मुलींत अन्वी, तन्वी, मान्वी, जान्हवी एका घोळक्यात, ईरा, मीरा, मायरा, समायरा दुसऱ्यात. यांतल्या एखाद्याला पुढे-मागे अक्षर जोडून ‘नवीन’ नाव घडवलंत तर ते नाव नवीन असेल, हाक जुनीच. रोमन लिपीत एक ‘ए’ वाढवून तर काहीच साधत नाही, बाई हजेरी तोंडाने घेतात.

म्हणून तपासणी अशी करा. गेल्या पाच-सहा वर्षांत जन्मलेल्या मुलांची किमान दोनशे नावं मिळवा. बालवाडीचा फलक, चित्रकला किंवा पाठांतर स्पर्धेचे छोट्या गटाचे निकाल, सोसायटीच्या ग्रुपवरचे वाढदिवस, अंगणवाडीताई, एवढ्यांतून दोनशे सहज होतात. यादी तुम्ही राहता त्याच भागातली हवी. पुण्याच्या यादीवरून लातूरचा अंदाज बांधू नका. मग आपलं नाव मोठ्याने म्हणा आणि कोणालातरी ती यादी वाचायला सांगा. दोन गोष्टी मोजायच्या: तेच नाव किती वेळा आलं, आणि त्याच्याशी यमक जुळणारी किती आली. तेच नाव दोनदा आलं तर शंभरात एक हे प्रमाण झालं, म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात त्याच नावाचं आणखी कोणीतरी असण्याची शक्यता साधारण तीनात एक. यमकाची दहा आली तर प्रत्येक वर्गात सरासरी दोन. एवढं झालं तर नाव सोडा, कितीही आवडलं असलं तरी.

परदेशात राहणाऱ्यांना एक सोय आहे. अमेरिकेत सोशल सिक्युरिटी खातं दरवर्षी बाळांच्या नावांची क्रमवारी जाहीर करतं, इंग्लंड-वेल्समध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय. पण अमेरिकेच्या यादीत प्रत्येक स्पेलिंग वेगळं मोजलं जातं, म्हणून एकाच उच्चाराची सगळी स्पेलिंगं शोधून बेरीज करा. आणि मूल तिथल्या मराठी शाळेत जाणार असेल तर त्या वर्गाची यादी अधिक महत्त्वाची.

४. अर्थ कोशात बघा

नावांच्या संकेतस्थळांवरचे अर्थ एकमेकांवरून उतरवलेले असतात. ‘आरव’ म्हणजे शांत, असं तिथे सर्रास सापडतं. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, ओरडा. ‘अधीरा’ म्हणजे वीज हे कोशात आहे, पण मराठी घरात आधी ‘अधीर’च ऐकू येणार. ‘मिशा’ हे नाव दुसऱ्या भाषेत कितीही गोड असो, मराठी शाळेत त्या मुलीला एक दिवस सुख लागणार नाही. मोल्सवर्थ, दाते यांचे मराठी कोश आणि आपट्यांचा संस्कृत कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. शब्द तिन्हीत नसेल तर तो घडवलेला आहे असं धरून चाला. घडवलेलं नाव ठेवायला हरकत नाही, फक्त त्याला संस्कृत अर्थ चिकटवू नका.

५. मराठी वाक्यात घालून बघा

‘__ला बोलव’, ‘__चा डबा’, ‘अरे __, खाली उतर’. आजीच्या तोंडून तीनदा म्हणवून घ्या. ‘मृद्गंधा’ तिथेच अडखळतं. ज्ञानदा, प्रज्ञा अशी ‘ज्ञ’ची नावं महाराष्ट्राबाहेर ‘ग्य’ होतात, ते चालणार आहे का हे आज ठरवा.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं सरकारी कागदावरचं नाव बाळाचं, आईचं, वडिलांचं आणि मग आडनाव असं चार पदांचं आहे. ते चारही सलग म्हणा. ‘आरोही रोहिणी रोहित’ असलं काही कानाला लागलं की नाव बदला. ‘ईशा शारदा’मध्ये दोन नावं एकमेकांत विरघळतात.

६. दाखल्यावर घालताना

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, नाव मात्र तेव्हाच द्यावं लागत नाही. नावाशिवाय नोंद करून १२ महिन्यांच्या आत ते विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. तेव्हा रुग्णालयातल्या अर्जावर घाईने नाव लिहू नका. बारशाला ठेवलेलं नाव महिनाभर घरात वापरा, मग नोंदवा. उशीरही फार नको: १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो.

दाखल्यावर नाव मराठी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत छापलं जातं. दोन्ही रूपं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या: हृषीकेश की ऋषिकेश, ईशान की इशान, ऊर्वी की उर्वी. अंतिम प्रत निघण्याआधी पडद्यावरची नोंद अक्षर-अक्षर वाचा, रोमनमधली आधी. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच दुरुस्त करता येतं, आणि दाखल्यावरची चूक पुढे तिथेच उतरते.