छपराला पत्रे किंवा कौले किती लागतील, हे कसे काढावे

घराचे क्षेत्रफळ सांगून पत्र्यांचा आकडा काढायला जाल, तर माल हमखास कमी पडेल. छप्पर भिंतींच्या बाहेर येते, शिवाय ते तिरपे असते. या दोन्हींमुळे ते जमिनीपेक्षा मोठे भरते, कधीकधी बरेच मोठे.

आधी भिंतींची बाहेरून मापे घ्या आणि त्यांत वळचण, म्हणजे भिंतीबाहेर आलेला छपराचा भाग, मिळवा. समजा, घर 10 मीटर लांब, 7 मीटर रुंद आहे आणि वळचण चारही बाजूंना अर्धा मीटर आहे. मग छपराखालची जागा 11 गुणिले 8 मीटर झाली.

आता उतार. त्यासाठी छपरावर चढू नका; माळ्यावरून वाशाला धरून मोजता येतो. 1 मीटरची पाणसळ (सपाटी तपासायची पट्टी) आडवी धरून तिचे एक टोक वाशाला टेकवा आणि दुसऱ्या टोकापासून वाशापर्यंतचे उभे अंतर मोजा. ते 25 सेंमी आले तर उताराच्या दिशेचे आडवे अंतर 1.03 ने, 50 आले तर 1.12 ने, 75 आले तर 1.25 ने आणि पूर्ण 100 आले तर 1.41 ने गुणायचे.

आपल्या उदाहरणात 50 सेंमी धरू. आढ्यापासून (छपराच्या माथ्याच्या रेषेपासून) वळचणीपर्यंतचे आडवे अंतर 4 मीटर, म्हणून पाख्याची, म्हणजे छपराच्या एका उतरत्या बाजूची, तिरपी लांबी सुमारे 4.48 मीटर. दोन्ही पाखे मिळून साधारण 98.5 चौरस मीटर. घर 70 चौरस मीटरचे होते, हे लक्षात घ्या! छप्पर चारपाखी असले तरी, उतार सगळीकडे सारखा असेल तर क्षेत्रफळ इतकेच येते. फक्त कापाकापी वाढते.

खरी चूक होते ती यापुढे. एकूण क्षेत्रफळाला एका पत्र्याच्या क्षेत्रफळाने भागू नका. पत्रा 1.1 मीटर रुंद असला तरी शेजारच्यावर चढल्यावर तो 1 मीटरच झाकतो, म्हणून 11 मीटरला 11 पत्रे. बाजारात 3 मीटरचेच पत्रे मिळत असतील तर पाख्यावर वर-खाली दोन ओळी लागतील. वरचा पत्रा खालच्यावर 15 ते 20 सेंमी चढवायचा आणि खालच्याचे खालचे टोक पावसाच्या पाण्याच्या पन्हळीत थोडे उतरवायचे. म्हणजे दोन पाख्यांना मिळून 44 पत्रे. नुसता भागाकार केला असता तर 30 आले असते. पाख्याइतक्या लांबीचे अखंड पत्रे मिळाले तर 22 पुरतात, आडवा सांधा राहत नाही आणि गळतीची एक जागा कमी होते. वाहतूक जमत असेल तर मी तेच घेईन.

कौलांचेही तसेच, झाकणारा भाग मोजायचा. दहा कौले खाचेत बसवून जमिनीवर मांडा, पहिल्याच्या डाव्या कडेपासून दहाव्याच्या डाव्या कडेपर्यंतचे अंतर घ्या आणि नऊने भागा. लांबीच्या दिशेनेही तसेच करा. एक कौल 21 गुणिले 32 सेंमी झाकत असेल तर चौरस मीटरला सुमारे 15 कौले, म्हणजे आपल्या छपराला 1,480 च्या आसपास. फुटतूट आणि कापणीसाठी साध्या दोनपाखी छपराला 5 ते 10 टक्के जास्त धरा, कोपरे आणि वळणे असतील तर 10 ते 15. धुराड्याची छोटी जागा वजा करू नका, तिथे कापताना माल वायाच जातो.

आढ्याची कौले किंवा आढ्याचा पत्रा क्षेत्रफळावर नव्हे, लांबीवर निघतो. इथे 11 मीटर, अधिक सांध्यांवर एकमेकांवर चढणारा भाग. पत्र्यांचे स्क्रू मोजताना प्रत्येक पत्र्याखाली किती आडव्या पट्ट्या येतात आणि प्रत्येक पट्टीवर किती स्क्रू बसतात, ते गुणा.

काम संपल्यावर उरलेली दहा-वीस कौले परत करू नका. पुढच्या भट्टीच्या कौलाचा रंग आणि खाच तंतोतंत जुळेलच असे नसते.