केळ्याच्या आकाराचा क्लस्टर दिसला की लगेच कापू नका

उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधलं (मेंदूचा स्मृतीशी निगडित भाग) टेट्रोड (चार बारीक तारांचं इलेक्ट्रोड) रेकॉर्डिंग पहिल्यांदा उघडताना पडद्यावर गोल गोल पुंजके, म्हणजे क्लस्टर, दिसतील, अशी आपली समजूत असते. एक ठिपका म्हणजे एक स्पाइक (न्यूरॉनचा विजेचा ठोका), त्याची जागा ठरते चार तारांवरच्या, म्हणजे चार चॅनलवरच्या, उंचीवरून, आणि एक पुंजका म्हणजे एक न्यूरॉन, असा हिशोब. दिसतात ती केळी.

हिप्पोकॅम्पसच्या सीए1 या भागातले पिरॅमिडल न्यूरॉन (तिथल्या मुख्य पेशी) अधूनमधून झुबक्याने स्पाइक सोडतात. दोन स्पाइकमध्ये जेमतेम 3 ते 8 मिलिसेकंद, आणि मागून येणारी स्पाइक बहुधा आधीपेक्षा बुटकी. चारही चॅनलवर उंची साधारण सारख्याच प्रमाणात घटते, म्हणून क्लस्टर आलेखाच्या आरंभबिंदूकडे (शून्य उंचीकडे) ओढल्यासारखा लांबतो. नवखा माणूस हे केळं मधोमध कापतो आणि वहीत दोन न्यूरॉन लिहितो.

कापायचंच असेल तर आधी दोन्ही तुकड्यांचा क्रॉस-कोरिलोग्राम काढा, म्हणजे एका तुकड्यातल्या स्पाइकच्या आधी-नंतर किती वेळाने दुसऱ्यातल्या येतात याचा आलेख. मोठ्या स्पाइकनंतर काही मिलिसेकंदांनी छोटी, असं एकाच बाजूला टेकाड आलं, तर न्यूरॉन बहुतेक एकच आहे. शून्याजवळची दरीही बघा (एकच न्यूरॉन स्पाइकनंतर लगेच दुसरी सोडू शकत नाही, म्हणून ती पडते), पण जपून. काही यंत्रणा एक स्पाइक साठवताना सुमारे 1 मिलिसेकंद त्या टेट्रोडवर दुसरी घेतच नाहीत. तेवढी दरी यंत्राने पाडलेली. ती 2 मिलिसेकंदांपर्यंत पसरली तरच तिला अर्थ.

ड्रिफ्टनेही, म्हणजे न्यूरॉनच्या तुलनेत टेट्रोड हळूहळू सरकल्यानेही, क्लस्टर लांबतो. टेट्रोड खाली सरकवून लगेच रेकॉर्डिंगला बसलात, तर मेंदूची ऊती अजून सावरत असते. ओळखायला सोपं आहे: फक्त पाच मिनिटांचा डेटा पाहा. तरीही केळं दिसलं तर झुबके, आखडून गोल झालं तर ड्रिफ्ट.

क्लस्टरची एक कड सुरीने कापल्यासारखी सरळ असेल, तर तो न्यूरॉनचा आकार नव्हे, तुमचा थ्रेशोल्ड आहे, म्हणजे ज्या उंचीखालची स्पाइक यंत्र नोंदतच नाही ती मर्यादा. खालच्या स्पाइक गेल्या. त्या न्यूरॉनचा फायरिंग रेट (सेकंदाला किती स्पाइक) छापू नका. ऑटोकोरिलोग्राममध्ये (एकाच क्लस्टरच्या स्पाइकमधल्या अंतरांचा आलेख) दर 20 मिलिसेकंदांनी शिखर आलं तर आपल्याकडची 50 हर्ट्झची वीज घुसली आहे, अर्थिंग तपासा.

आता माझा खास राग: ‘2 मिलिसेकंदांच्या आतल्या स्पाइकच्या जोड्या 1 टक्क्याहून कमी, म्हणजे न्यूरॉन एकच’ हा नियम. सेकंदाला सरासरी एकच स्पाइक सोडणारे, एकमेकांशी संबंध नसलेले दोन न्यूरॉन पूर्ण मिसळा. तासाभरात 7200 स्पाइक होतील, आणि त्यांच्यात इतक्या जवळच्या जोड्या चौदा-पंधराच, म्हणजे 0.2 टक्के. मंद न्यूरॉनसाठी ही चाचणी जवळपास निरुपयोगी आहे. चारही चॅनलवरची स्पाइकची सरासरी लहर वेगवेगळ्या वेळी काढून पडताळा, आणि तरीही शंका उरली तर क्लस्टरपुढे ‘मल्टी-युनिट’ (एकाहून जास्त न्यूरॉनची मिसळ) लिहा.