ऑटोकॅडमध्ये काय वर, काय खाली: ड्रॉ ऑर्डर कशी लावावी

ऑटोकॅडच्या ड्रॉइंगमध्ये भिंतीचा हॅच (आत भरलेल्या रेघा किंवा रंग) डायमेन्शनवर चढलाय, खोलीचं नाव रंगाखाली गेलंय आणि प्रिंट काढायची वेळ झालीय. अशा वेळी शेजारच्या टेबलावरून हमखास सल्ला येतो, "अरे, लेयर वर घे ना." ऑटोकॅडमध्ये लेयर वर घेता येत नाही. फोटोशॉप किंवा क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) वापरून आलेल्यांना हे पटकन पचत नाही. पण लेयर मॅनेजरमधली यादी नुसती नावावार लागलेली असते, कागदावर काय झाकलं जाईल याच्याशी तिचा संबंध नाही. नावाआधी 01, 02 लावूनही काही होत नाही. उलट मंजुरीचं ड्रॉइंग जिथे सॉफ्टवेअर तपासतं, तिथे ते लेयर नावावरून ओळखतं. नावाशी खेळलात तर फाइल परत येईल.

वर-खाली असतो तो प्रत्येक ऑब्जेक्ट, आणि या क्रमालाच ड्रॉ ऑर्डर म्हणतात. नंतर काढलेला वर, आधीचा खाली, एवढाच मूळ नियम. हॅच याला थोडा अपवाद आहे, कारण तो आपल्या बाउंड्रीच्या मागे बसतो (एचपीड्रॉऑर्डर ही सेटिंग 3, तेच डिफॉल्ट). पण फक्त तिच्याच मागे. कार्पेट एरिया काढायला खोलीभोवती नवी पॉलीलाइन (सलग जोडलेली रेषा) फिरवलीत आणि तीच निवडून सॉलिड हॅच भरलात, तर ती पॉलीलाइन सगळ्यांत शेवटची, म्हणून हॅचही पलंग-सोफ्याच्या डोक्यावर. "आपोआप मागे जातो म्हणतात, मग गेला का नाही?" याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

लेयरवार क्रम लावायचा तर असं करा. फ्रीझ केलेले (गोठवून लपवलेले) लेयर थॉ करा, लॉक काढा. क्विक सिलेक्टमधून लेयर निवडा, मग ड्रॉऑर्डर कमांड देऊन फ्रंट किंवा बॅक. बॅक वापरताना एक लक्षात ठेवा: जे सगळ्यांत तळाशी हवं, ते शेवटी पाठवायचं. म्हणजे आधी हॅचटूबॅक (सगळे हॅच मागे पाठवणारी कमांड), मग त्यातले सॉलिड रंग निवडून बॅक, आणि सगळ्यात शेवटी सर्व्हेची इमेज बॅक. त्यानंतर टेक्स्टटूफ्रंट चालवून ऑल निवडा. अक्षरं, डायमेन्शन, लीडर सगळं वर येतं. साध्या प्लॅनचं काम इथे संपलं.

अडतं ते ब्लॉकपाशी, म्हणजे अनेक ऑब्जेक्ट एकत्र बांधून केलेल्या संचापाशी.

दाराचा टॅग घ्या. एक वर्तुळ, आत नंबराचा (प्रत्येक टॅगला वेगळा भरता येणारा) अ‍ॅट्रिब्यूट, आणि फरशीच्या रेषा नंबरातून जाऊ नयेत म्हणून वाइपआउट (मागचं झाकणारा कोरा तुकडा). वाइपआउट शेवटी टाकलेला, त्यामुळे त्यानं फरशीबरोबर वर्तुळही झाकलं. आता मुख्य ड्रॉइंगमध्ये कितीही वेळा फ्रंट-बॅक करा, फरक पडणार नाही. बाहेरून बघता पूर्ण ब्लॉक हा एकच ऑब्जेक्ट असतो. तो अख्खा पुढे जातो, अख्खा मागे जातो, पण आतला क्रम हलत नाही. टेक्स्टटूफ्रंटलाही ब्लॉकमधलं अक्षर बाहेर ओढता येत नाही. मी स्वतः यावर भरपूर डोकं आपटलं आहे, आणि आजही नव्या मुलांना तासभर हेच करताना बघतो.

आतला क्रम आत जाऊनच बदलायचा. बीएडिट करून ब्लॉक उघडा. वाइपआउटफ्रेम 2 करा, म्हणजे वाइपआउटची कड स्क्रीनवर दिसते पण छापली जात नाही. ती बंद असेल तर वाइपआउट नेमका कुठे आहे हे चाचपडत बसावं लागतं. कड निवडा, ड्रॉऑर्डर, बॅक. सेव्ह करून बाहेर या, रीजेन करा (ड्रॉइंग पुन्हा रेखाटून घ्या). आधी टाकलेल्या टॅगमध्ये नंबर अजूनही झाकलेले दिसले तर अ‍ॅटसिंक चालवा. नंबर तसेच राहतात, पण कुणी एखाद्या टॅगचा फॉन्ट किंवा रंग हाताने बदलला असेल तर तो बदल पुसला जाईल, हे आधी बघून घ्या. हे झाल्यावर मगच बाहेर येऊन पूर्ण ब्लॉक फ्रंटला घ्या. आतलं काम वेगळं, बाहेरचं वेगळं. ब्लॉकच्या आत ब्लॉक असेल तर प्रत्येक पातळीवर हेच पुन्हा.

एक्सरेफचंही (बाहेरून जोडलेल्या ड्रॉइंग फाइलचंही) असंच, फक्त दुखणं मोठं. मूळ फाइल उघडून तिथे क्रम लावा, सेव्ह करा, इकडे रीलोड करा. पण आर्किटेक्टच्या एक्सरेफमधला रंग तळाशी, मधे तुमची पाइपलाइन आणि वर त्याच एक्सरेफमधल्या भिंती, असं सँडविच करता येत नाही. त्यासाठी रंग आणि हॅच वेगळ्या फाइलमध्येच हवेत. ती फाइल स्वतंत्र एक्सरेफ म्हणून जोडायची आणि बॅकला टाकायची. हे प्रोजेक्ट सुरू होतानाच मागून घ्या. चाळीस शीट झाल्यावर कुणी वेगळं करून देत नाही.

आता दोन-तीन सल्ले, जे ऐकू नका. अक्षराला झेड उंची देऊन वर आणणं: टूडी वायरफ्रेम या नेहमीच्या दृश्यात क्रम ड्रॉ ऑर्डरवरच ठरतो, शिवाय डिस्टन्स मोजताना आकडे चुकतात, वेगवेगळ्या उंचीच्या रेषांना फिलेट (कोपरा गोल करून जोडणं) लागत नाही. कट करून त्याच जागी पेस्ट करणं: वर येतं खरं, पण एरियाच्या तक्त्यातली फील्ड (आपोआप बदलणारा आकडा) त्या पॉलीलाइनला जोडलेली असेल तर तिथे चार हॅश दिसू लागतात. हॅचला ट्रान्सपरन्सी देणं: छापताना प्लॉट ट्रान्सपरन्सीची टिक लावावी लागते, शीट रास्टर (ठिपक्यांचं चित्र) होते, पीडीएफ जड होते आणि प्लॉटिंगवाला तुमच्या नावानं खडे फोडतो.

राहिला लेआउट, म्हणजे छापायची शीट. मॉडेल (मूळ ड्रॉइंग) आणि पेपर स्पेस (शीट) यांच्या ड्रॉ ऑर्डरी वेगळ्या असतात, एकातून दुसऱ्याची बदलत नाही. छापताना सहसा पेपर स्पेस आधी छापली जाते आणि मॉडेल तिच्यावर. म्हणून व्ह्यूपोर्टवर (शीटवर मॉडेल दाखवणाऱ्या खिडकीवर) टाकलेली टीप स्क्रीनवर छान दिसते आणि पीडीएफमध्ये रंगाखाली जाते. प्लॉट डायलॉगमध्ये 'प्लॉट पेपरस्पेस लास्ट' ही टिक आहे, ती लावा आणि पेज सेटअपमध्येच सेव्ह करा, नाहीतर पुढच्या शीटला विसराल. आणि वाइपआउट असूनही त्यामागच्या रेषा प्रिंटमध्ये डोकावत असतील तर ड्रॉ ऑर्डरला हात लावू नका. प्लॉटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ग्राफिक्सखाली मर्ज कंट्रोल बघा. तिथे 'लाइन्स मर्ज' असेल, ते 'लाइन्स ओव्हरराइट' करा.