खारेपाटातल्या भातशेतीसाठी: बी-खताआधी उघाडी पाहा

बियाणं, खत, मजूर यांची जुळवाजुळव चार दिवस थांबली तरी चालेल. आधी खाडीकडच्या बांधावर जा आणि उघाडीचं, म्हणजे ओहोटीला शेतातलं पाणी सोडणाऱ्या आणि भरतीचं पाणी अडवणाऱ्या झडपेचं, दार पाहा.

अलिबाग-पेणच्या खारेपाटात, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या जमिनीत, मी पाहिलेली बहुतेक शेतं खेकड्याने पाडलेल्या मुठीएवढ्या बिळापायी गेली. ज्येष्ठातल्या अमावास्येच्या उधाणाला त्यातून पाणी झिरपतं, दोन भरत्यांत भोक घमेल्याएवढं होतं, मग खांड पडते, म्हणजे बांध फुटतो. एकदा खारं पाणी शिरलं की जमीन धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातात. तोवर कांदळवन (खाऱ्या पाण्यातली तिवरांची झाडी) उगवलं, तर सातबारा तुमच्या नावावर राहतो पण तोडायची परवानगी मिळत नाही. भात गेलं, मागून होणारा वाल गेला, तळ्यातला जिताडा मासाही गेला.

आजोबांनी घातलेल्या बांधाची उंची त्यांच्या काळच्या भरतीला पुरत होती. 1901 ते 2018 मध्ये जगभरात समुद्र सरासरी 20 सेंटिमीटर वर आला, आणि आता तो वर्षाला साडेतीन मिलिमीटरहून जास्त चढतो आहे. 2021 चं तौक्ते आणि 2020 चं निसर्ग, दोन्ही वादळं ऐन आगोटीत, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, आली. म्हणून गेल्या वर्षीच्या उधाणाची खूण शोधा आणि बांध तिच्याहून निदान हातभर उंच ठेवा.

दुरुस्ती सप्तमी-अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती कमी चढते तेव्हा, करा. बीळ वरून बुजवू नका, त्याचा तळ लागेपर्यंत खणा. खाजणातली (खाडीकाठच्या दलदलीतली) चिकण माती थराथराने घालून चोपा. मुरूम पाणी धरत नाही. उघाडीच्या दारात काटकी, बाटली, जाळ्याचा तुकडा अडकलेला असतो, तो काढा. मासे धरायला कुणी दार काठीने उघडं ठेवत असेल तर गावात बसून थांबवा. बांधाबाहेरची तिवरं तोडू नका, लाटेचा मार तीच खातात. बिळात विषारी दाणे टाकू नका, ते विष खाडीत उतरतं.

खारभूमी खात्याकडे अर्ज द्या, पोच घ्या, पण मंजुरीची वाट बघत बसू नका. पूर्वी जोळ पद्धतीत घरटी माणूस फावडं घेऊन बांधावर यायचा. ते पुन्हा सुरू करा.

दुकानात 'खारटपणा मारणाऱ्या' महागड्या बाटल्या आणि जिप्समची पोती गळ्यात मारतात. जिप्सम चोपण, म्हणजे सोडियम साचून घट्ट झालेल्या, जमिनीसाठी असतं. मातीपरीक्षणात सामू (पीएच) साडेआठच्या वर नसेल तर त्यावर पैसे घालू नका. आपलं मीठ पावसाच्या गोड्या पाण्याने धुऊन निघतं: पहिल्या पावसांचं पाणी खाचरात साठवा आणि ओहोटीला उघाडीतून सोडा. माझा अंदाज असा, की खाचरातलं पाणी जिभेला खारट लागत असेल तोवर लावणीची घाई नको.

बाकी नेहमीचं:
- बी: पनवेल 1, 2 किंवा 3 (खाऱ्या जमिनीत तगणारे भाताचे वाण)
- 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ; तरंगणारं बी काढा, उरलेलं धुऊन सावलीत सुकवा
- किलो बियाण्याला 2.5 ग्रॅम थायरम (बुरशीनाशक)
- रोपवाटिका गोड्या, उंच जागी
- रोप जरा जून, एका चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) 3-4 रोपं
- नत्र तीन हप्त्यांत
- पावसाच्या मोठ्या उघडिपीत खाचर कोरडं पडू देऊ नका, मीठ वर येतं

अमावास्येनंतरच्या दोन रात्री भरतीच्या वेळी बॅटरी घेऊन बांधावर उभे राहा, एकटे नको. आतल्या बाजूला बुडबुडे दिसतील तिथे काठी रोवा आणि ओहोटी लागताच खणायला घ्या.