तेल बरोबर होतं, पाजणं चुकलं: गावठी उपचारांत या चुका टाळा

आमची एक म्हैस पोटफुगीनं नाही, तेलानं गेली. ओला लसूणघास जास्त खाल्ल्यामुळं तिची डावी भकाळी नगाऱ्यासारखी टम्म झाली होती. वडिलांनी मान वर ओढली, जीभ बाहेर धरली आणि बांबूच्या नळ्यानं गोडेतेल ओतलं. जीभ धरली की जनावराला गिळता येत नाही. पोट उतरलं, पण तेल फुफ्फुसात गेलं होतं. तिसऱ्या दिवशी नाकातून घाण, धाप. पाचव्या दिवशी संपली.

तेलाचा दोष नव्हता. फेसाळ पोटफुगीत ते फेस मोडतं, मोठ्या जनावराला 300 ते 500 मिली पुरतं. जीभ मोकळी ठेवा, तोंड डोळ्यांच्या वर नेऊ नका, गालाच्या कोपऱ्यातून घोट-घोट पाजा. ठसका लागला की मान लगेच सोडा. मान टाकून पडलेल्या जनावराला तर तोंडातून काहीच नको.

व्यायल्यावर एक-दोन दिवसांत गाय बसली, मान बरगडीवर वळवली, कान गार पडले, की गावात ‘वारं गेलं’ म्हणून डाग देतात. हा दुग्धज्वर. नावात ज्वर, अंगात ताप नाही! रक्तातलं कॅल्शियम घटलेलं असतं. डॉक्टरांनी ते शिरेतून दिलं की बहुतेक गाई काही तासांत उभ्या राहतात. डागानं फक्त कातडं जळतं.

जखमेत आसाडी (अळ्या) पडली तर सीताफळाचा पाला ठेचून बांधतात. बांधा, पण डोळ्याजवळ नको. नुसतं फिनाईल ओतू नका, चांगलं मांसही जळतं. गोचिडांवर पिकाचं फवारणीचं औषध तर अजिबात नको. जनावर अंग चाटतं आणि विषबाधा होते.

कासदाहावरचा लेप मात्र राष्ट्रीय दुग्धविकास मंडळही सुचवतं: कोरफड 250 ग्रॅम, हळद 50, खायचा चुना 15. आपण तो सकाळ-संध्याकाळ फासतो आणि गुण नाही म्हणतो. तो रोज ताजा वाटून, कास धुऊन, सड पिळून रिकामे करून, दिवसातून आठ-दहा वेळा, निदान पाच दिवस लावायचा असतो. कास गार, निळसर दिसली तर लेपाची वाट पाहू नका, 1962 या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन लावा.

आणि डॉक्टर आले की आधी काय पाजलं ते सांगा. रागावतील म्हणून लपवतो आपण. आम्हीही तेल लपवलं होतं.