योगसूत्रं वाचायची कशी आणि रोजच्या जगण्यात वापरायची कशी

आसनं करणारे भरपूर लोक आहेत, पण त्यामागचं तत्त्वज्ञान वाचू म्हटलं की बरेच जण पुस्तक उघडतात, पहिल्या काही पानांतच दमतात आणि मग नुसते व्हिडिओ बघत बसतात. संस्कृत येत नसलं तरी पतंजलींची योगसूत्रं घरी बसून वाचता येतात असं माझं ठाम मत आहे, फक्त सुरुवात कुठून करायची आणि एका वेळी किती घ्यायचं हे आधी कळायला हवं. अख्खा ग्रंथ जेमतेम 195 सूत्रांचा आहे (काही प्रतींत 196), चार पाद (म्हणजे भाग) आहेत, आणि त्यात आसनावर सरळ बोलणारी सूत्रं फक्त तीन. बाकी जवळपास सगळं मनाबद्दल आहे, म्हणून तर ते रोजच्या कामाचं आहे.

पुस्तक घेताना एवढंच बघा की मूळ सूत्र, पदच्छेद (संधी सोडवून सुटे केलेले शब्द) आणि सरळ अर्थ तिन्ही वेगवेगळे छापलेत का, आणि खालचं स्पष्टीकरण व्यासभाष्याला धरून आहे का. व्यासभाष्य म्हणजे सूत्रांवरचं सगळ्यात जुनं उपलब्ध भाष्य, ते नसेल तर लेखकाचं स्वतःचं मत कुठे सुरू झालं ते कळतच नाही.

आता सुरुवात. पहिल्या पादातलं दुसरं सूत्र, योगश्चित्तवृत्तिनिरोधः (चित्तात उठणाऱ्या वृत्ती थांबवणं म्हणजे योग), तेवढं वाचून घ्या कारण सगळा ग्रंथ त्यावर उभा आहे, आणि मग सरळ दुसऱ्या पादावर, म्हणजे साधनपादावर जा. हे मी मनाने सांगत नाहीये, व्यासभाष्यातच म्हटलंय की पहिला पाद ज्याचं चित्त स्थिर झालंय त्याच्यासाठी, आणि ज्याचं चित्त अजून इकडेतिकडे धावतंय त्यालाही योग कसा साधेल ते सांगायला दुसरा पाद सुरू केलाय. आपण सगळे या दुसऱ्या गटातले. तिसऱ्या पादात सिद्धी (अलौकिक शक्ती) येतात, चौथ्यात कैवल्य (पूर्ण मुक्ती), ते निवांत नंतर वाचा, पहिल्या वर्षात नाही वाचलं तरी काही बिघडत नाही.

वाचायची पद्धत अशी ठेवा की एका आठवड्याला एकच सूत्र. सकाळी ते मोठ्याने म्हणायचं, अर्थ वाचायचा, पाच मिनिटं पुरे, आणि दिवसभरात ते कुठे लागू पडलं ते रात्री वहीत दोन ओळींत लिहायचं. मोबाइलमध्ये लिहू नका, नोटिफिकेशन दिसलं की गेलात. वहीत "आज छान वाटलं" असलं मोघम काही नको, प्रसंग लिहा. उदाहरणार्थ, दुसऱ्या पादात पाच क्लेश, म्हणजे मनाला छळणाऱ्या गोष्टी, सांगितलेत, अविद्या (चुकीची समजूत), अस्मिता (मीपणा), राग (इथला राग म्हणजे संताप नव्हे, ओढ किंवा आसक्ती), द्वेष, अभिनिवेश (मरणाची भीती), आणि लगेच पुढच्या सूत्रात अविद्या सोडून उरलेल्या चौघांच्या चार अवस्था आहेत: झोपलेला, क्षीण झालेला, मधेच तुटलेला आणि पूर्ण जोरात असलेला. मीटिंगमध्ये तुमची आयडिया दुसऱ्याने स्वतःच्या नावावर सांगितली आणि तुम्ही आतल्या आत धुमसलात, तर वहीत लिहायचं की अस्मिता, पूर्ण जोरात, दुपारपर्यंत टिकली, मग घरचा फोन आला तेव्हा तुटली आणि रात्री परत आली. असं थोडे दिवस लिहिलं की आपला नेहमीचा क्लेश कोणता ते आपोआप दिसायला लागतं, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांचे एकदोनच असतात, तेच परत परत येतात.

यम-नियमांकडे (इतरांशी कसं वागायचं आणि स्वतःला कशी शिस्त लावायची याचे नियम) आलात की थोडं थांबा, इथे लोक घाई करतात. अहिंसा म्हटलं की आपण म्हणतो मी कुठे कुणाला मारतो, झालं, पुढे चला. पण 2.34 (म्हणजे दुसऱ्या पादातलं 34वं सूत्र) वाचा. तिथे सांगितलंय की हिंसा वगैरे स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि नुसती अनुमोदन दिलेली अशी तिन्ही प्रकारची असते, आणि ती लोभातून येते, क्रोधातून येते किंवा मोहातून येते. आता ग्रुपवर कुणीतरी एकाची टर उडवतंय आणि तुम्ही काहीच न लिहिता फक्त हसणारा इमोजी टाकलाय, हे अनुमोदनच झालं ना? हे एक सूत्र नीट पकडलं तर फॉरवर्ड करताना, लाइक करताना हात आपोआप थांबतो. त्याच्या आधीच्याच सूत्रात उपाय आहे, प्रतिपक्षभावन, म्हणजे चुकीचा विचार उसळला की त्याच्या विरुद्ध बाजूचा विचार मुद्दाम आणायचा. रागात मेसेज टाइप झालाय तर तो ड्राफ्टमध्ये ठेवा, आणि तो वाचताना समोरच्याचं काय होईल आणि उद्या तुमचं काय होईल हे दोन्ही डोळ्यांसमोर आणा, मग ठरवा.

पहिल्या पादातलं एकच सूत्र निवडायचं असेल तर मी 1.33 निवडेन. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, चांगलं काम करणाऱ्याबद्दल मुदिता (आनंद) आणि वाईट वागणाऱ्याची उपेक्षा, यातून चित्त प्रसन्न होतं. करुणा त्यातल्या त्यात सोपी वाटते, सगळ्यात अवघड पहिलं आहे. बरोबरीच्या माणसाला प्रमोशन मिळालं की अभिनंदन टाइप करताना आत जी बारीक टोचणी लागते ना, प्रॅक्टिस तिथेच करायची: फोन करा, कसं झालं ते विचारा आणि त्याचं पूर्ण ऐकून घ्या, स्वतःचं मधे आणू नका. उपेक्षेबद्दल मात्र गैरसमज नको. अन्याय होत असेल तर तक्रार करायची, थांबवायचं, त्याला हे सूत्र आड येत नाही, फक्त त्या माणसाला दिवसभर डोक्यात घेऊन फिरायचं नाही.

बरोबर गीतेचा सहावा अध्याय वाचलात तर खूप मदत होते, मन आवरणं वाऱ्याला आवरण्याइतकं अवघड आहे असं अर्जुन तिथे म्हणतो आणि उत्तर मिळतं अभ्यास (म्हणजे सततचा सराव) आणि वैराग्य, पतंजलींनीही 1.12 मध्ये हेच दोन सांगितलेत. मराठीत वाचायचं तर ज्ञानेश्वरीतला सहावा अध्याय घ्या, त्यात कुंडलिनीचं (शरीरात सुप्त असते असं मानलेल्या शक्तीचं) जे वर्णन येतं ते मात्र स्वतःहून करून बघायला जाऊ नका, त्याला गुरू लागतो.

मधे खंड पडणारच. तेव्हा 1.30 काढा, तिथे नऊ अडथळ्यांची यादी आहे आणि पहिलाच अडथळा व्याधी आहे, संशय आहे, आळस आहे, मिळालेली पायरी टिकत नाही हेसुद्धा आहे. आपला कोणता ते ओळखायचं आणि त्यावर काम करायचं, म्हणजे आजारी असाल तर आधी औषधपाणी आणि झोप, मन सतत खचलेलं राहत असेल तर डॉक्टरांना दाखवा, सूत्रं तोवर थांबतील. आळस असेल तर पाच मिनिटांची दोन करा पण वेळ तीच ठेवा. संशय असेल तर कुणाबरोबर तरी वाचा, दोघं असलात तरी चालेल, आठवड्यातून एकदा एकमेकांच्या वहीतला एक प्रसंग सांगायचा, सल्ला द्यायचा नाही, फक्त त्यात कोणता क्लेश दिसतोय तेवढंच बोलायचं आणि मग पुढचं सूत्र घ्यायचं.