घड्याळ नाही, क्रम ठरवा

घरीच मुलांना शिकवणाऱ्या आयांना एक सांगावंसं वाटतं, टाइमटेबलमध्ये ९ वाजता गणित, ९:४० ला भाषा असं लिहूच नका, कारण घरात लहान बाळ असेल, कुणी आजारी पडलं, मध्येच फोन आला की सगळं कोलमडतं आणि मग दिवसभर आपण मागे पडलो असंच वाटत राहतं. त्यापेक्षा फक्त क्रम ठरवा. नाश्ता झाला की तिथेच बसून प्रार्थना, ५ मिनिटं पुरे, आणि उठायच्या आधीच सगळ्यांना मिळून एक गोष्ट किंवा धडा मोठ्याने वाचून दाखवायचा. इतिहास, विज्ञान, गोष्टी हे वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र शिकू शकतात, मोठ्याला नंतर चार ओळी लिहायला सांगा आणि धाकट्याला चित्र काढू दे. वेगळं बसवायचं ते फक्त गणित आणि वाचन-लेखनासाठी, लहान मुलांना एका वेळी १५-२० मिनिटं बास होतात. जे सगळ्यात अवघड जातं ते बाळ झोपलं की लगेच घ्या, भांडी नंतर.

आणि हो, स्वतःची प्रार्थना मुलांच्या प्रार्थनेत धरू नका. ती वेगळी हवीच. मी सकाळी फोन हातात घ्यायच्या आधी करते, कधी दोनच मिनिटं मिळतात, पण ज्या दिवशी ती राहते त्या दिवशी मुलांवर माझा आवाज लवकर चढतो हे मी खूपदा बघितलंय.